केअर होममधील ढेकूण, झुरळे आणि उंदीर : आई-बाबांसाठी आपण काय करू शकतो?



आपल्यापैकी अनेकांचे आई-वडील आता अमेरिकेत स्थायिक झाले आहेत. काहीजण आपल्याजवळ घरी राहतात, तर काहींना तब्येतीमुळे नर्सिंग होम किंवा असिस्टेड लिव्हिंगमध्ये ठेवावे लागते. हा निर्णय कोणत्याही मराठी घरात सहज होत नाही. त्यात भेटायला गेल्यावर आईच्या उशीवर ढेकूण दिसला किंवा बाबांच्या ड्रॉवरमध्ये उंदराच्या लेंड्या सापडल्या की मन खट्टू होते. रागही येतो आणि अपराधीही वाटते. "कोणाला सांगायचे? सांगितले तर आईलाच त्रास देणार नाहीत ना?" या विचारात कित्येक कुटुंबे गप्प बसतात. गप्प बसल्याने कीड जात नाही, वाढते. म्हणूनच या विषयावरची उपयुक्त माहिती आम्ही येथे एकत्र दिली आहे. लेख जपून ठेवावा, गरजू मित्रमंडळींना पाठवावा.

आधी शब्दांचा घोळ सोडवू या

भारतात "नर्सिंग होम" म्हणजे डॉक्टरांचे छोटे खाजगी इस्पितळ. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे चोवीस तास नर्सची देखरेख लागणाऱ्या लोकांचे निवासस्थान. ज्यांना आंघोळ, कपडे, औषधे यांत मदत लागते, पण सतत नर्स लागत नाही, त्यांच्यासाठी असते ते असिस्टेड लिव्हिंग. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोघांचे कायदे वेगळे आहेत.

मेडिकेअर किंवा मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होमना केंद्र सरकारचे नियम लागू होतात. १९८७ च्या नर्सिंग होम सुधारणा कायद्याने आजच्या नियमांचा पाया घातला. "इमारत कीटक व उंदीर-घुशींपासून मुक्त राहील असा परिणामकारक कीडनियंत्रण कार्यक्रम चालवणे" हे या नियमांत स्पष्टपणे बंधनकारक केलेले आहे. तपासनीस या नियमाचा भंग "एफ-९२५" या क्रमांकाखाली नोंदवतात. म्हणजे आपण तक्रार करतो तेव्हा मेहेरबानी मागत नसतो, तो रहिवाशाचा हक्क असतो.

असिस्टेड लिव्हिंगवर मात्र राज्य सरकारची देखरेख असते आणि नियम राज्यागणिक बदलतात. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात हे काम समाजसेवा खात्याचा परवाना विभाग पाहतो, तर न्यू जर्सीत आरोग्य खाते. आपल्या राज्यात परवाना कोण देते हे आधीच शोधून ठेवावे.

कोणती कीड, कशी ओळखावी?

*ढेकूण* – आपल्या आजी-आजोबांना ढेकूण ओळखायला शिकवावे लागत नाही! खाटा उन्हात टाकून फटींमध्ये उकळते पाणी ओतणारी ती पिढी. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीच्या वापराने अमेरिकेतले ढेकूण जवळजवळ दिसेनासे झाले होते. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ते पुन्हा वाढले, आणि आता नेहमीच्या अनेक औषधांना ते दाद देत नाहीत. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ मिलिमीटर, म्हणजे सफरचंदाच्या बीएवढा असतो. अंडी पांढरी आणि जेमतेम १ मिलिमीटरची. गादीच्या शिवणीत काळे ठिपके, चादरीवर रक्ताचे छोटे डाग आणि टाकलेल्या काती या त्याच्या खुणा. केअर होममध्ये गादीइतकेच व्हीलचेअरच्या उशीत आणि रिक्लायनरच्या सांध्यातही पाहावे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ढेकूण घाणीमुळे होतात हा समज चुकीचा आहे. ते सामान, कोट, पर्स, जुने फर्निचर यांतून येतात आणि स्वच्छ खोलीतही तितक्याच आनंदाने राहतात. दुसरी, ढेकूण चावल्यावर प्रत्येकाच्या अंगावर गांधी उठतातच असे नाही. काहींना त्या चौदा दिवसांपर्यंत उशिरा उठतात, आणि वयस्कर माणसांच्या त्वचेवर कित्येकदा काहीच उमटत नाही. "आईच्या अंगावर काही दिसत नाही, म्हणजे ढेकूण नाहीत" असे मानू नये. ढेकणांमुळे रोग पसरल्याचे आढळलेले नाही, पण खाजवून जखमा होतात, झोप उडते आणि मन अस्वस्थ राहते.

*झुरळे* – स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या खोलीत दिसतात ती बहुधा जर्मन झुरळे. अर्ध्या इंचाची, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद पट्टे. मादीच्या एका अंडकोशात तीस ते चाळीस अंडी असतात. दिवसाउजेडी झुरळ दिसले तर आत बरीच दाटी झाली आहे असे समजावे. झुरळांची विष्ठा व कात यांमुळे दमा बळावतो. दम्याचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना हे जरूर सांगावे.

*उंदीर* – पाव इंचाच्या भोकातूनही छोटा उंदीर आत शिरू शकतो. लेंड्या, कुरतडलेली पाकिटे, भिंतीच्या कडेने तेलकट डाग या त्याच्या खुणा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत आणि व्हॅक्यूमही करू नये, त्यातून जंतू हवेत उडतात. एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी असे मिश्रण त्यावर टाकून पाच मिनिटे भिजू द्यावे, मग हातमोजे घालून कागदाने पुसून घ्यावे. अर्थात हे काम केअर होमच्या कर्मचाऱ्यांचे आहे. आपल्याला पद्धत ठाऊक असावी, इतकेच.

*मुंग्या* – दोन प्रकार विशेष त्रासदायक. फेराओ मुंगी ही जेमतेम २ मिलिमीटरची पिवळसर मुंगी ऊबदार इमारतीत, अगदी रुग्णालयातही घर करते. तिच्यावर फवारा मारला की वारूळ फुटून त्याची अनेक वारुळे होतात! तिच्यासाठी आमिषच वापरावे लागते. दुसरी फायर अँट ही टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया अशा दक्षिणेकडील राज्यांत आढळते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला हिच्यापासून खरा धोका असतो. मिसिसिपीतील नर्सिंग होममधल्या रहिवाशांवर या मुंग्यांनी केलेल्या हल्ल्यांची नोंद १९९९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. या राज्यांत अंथरुणावर मुंग्या दिसल्या तर उद्यापर्यंत थांबू नका. माणसाला त्या खोलीतून लगेच हलवायला सांगा.

*खरूज* – ही कीडनियंत्रणाची बाब नव्हे, पण ढेकणांशी तिची गल्लत होते. त्वचेत शिरणाऱ्या सूक्ष्म किडीमुळे खरूज होते, तिला डॉक्टरी उपचार लागतात, आणि ती माणसामाणसांत स्पर्शाने पसरते. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती रात्री जास्त खाज असेल तर त्वचेची तपासणी करून मागावी.

"मुंग्या आल्यात" म्हणजे नेमके काय?

हा मुद्दा खास आपल्यासाठी. आजी म्हणाली "पायाला मुंग्या आल्यात", तर तिचा पाय बधिर झाला आहे. आजी म्हणाली "पायावर मुंग्या आल्यात", तर पलंग तपासायला हवा! एका प्रत्ययाचा फरक, पण मराठी न येणाऱ्या नर्सपर्यंत तो पोचत नाही. मधुमेहाची तक्रार कीडनियंत्रणाच्या वहीत आणि मुंग्यांची तक्रार डॉक्टरांकडे, असा उलटा प्रकार सहज होऊ शकतो. आजीला नक्की काय म्हणायचे आहे ते आपण स्वतः विचारून कर्मचाऱ्यांना इंग्रजीत लिहून द्यावे. मेडिकेअर-मेडिकेडचे पैसे घेणाऱ्या संस्थेवर, १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, इंग्रजी न येणाऱ्यांना भाषेची मदत देण्याची जबाबदारी असते. फोनवरून दुभाषी मागता येतो. मागताना "हिंदी" न म्हणता "मराठी" असे स्पष्ट सांगा.

याची दुसरी बाजूही आहे. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत, किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गामुळे अचानक भ्रम झाल्यास, माणसाला नसलेले किडे दिसतात, अंगावर काही चालल्यासारखे वाटते. म्हणून आजोबांची तक्रार "भास आहे" म्हणून परस्पर निकालात काढली जाऊ शकते. आमचे सांगणे असे की आधी टॉर्च घेऊन गादी उचलून पाहावी आणि मगच भास म्हणावे. काही सापडले नाही, तर त्याच दिवशी नर्सला तब्येत तपासायला सांगावे. दोन्ही शक्यतांत म्हाताऱ्या माणसाचे बोलणे ऐकून घेणे हाच पहिला उपाय आहे.

चांगले कीडनियंत्रण कसे असते?

महिन्यातून एकदा माणूस येऊन कोपऱ्यात औषध फवारून गेला, एवढ्याने आता भागत नाही. आजची मान्य पद्धत एकात्मिक कीडनियंत्रण ही आहे. तिच्यात क्रम असा असतो – आधी तपासणी, मग किडीचे अन्न-पाणी-निवारा बंद करणे, भोके बुजवणे, सापळे व आमिष, आणि सर्वात शेवटी गरजेपुरतेच औषध. वृद्ध, दमेकरी आणि ऑक्सिजनवर असलेल्या लोकांच्या खोल्यांत हे विशेष महत्त्वाचे.

ढेकणांच्या बाबतीत पुढील गोष्टी होतात का, ते पाहा :

* ज्या खोलीत ढेकूण सापडले तिच्या दोन्ही बाजूंच्या, वरच्या व खालच्या खोल्याही तपासल्या जातात.
* कपडे व चादरी बंद पिशवीतून नेऊन ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर किमान ३० मिनिटे फिरवतात. ढेकूण मरतात ते ड्रायरच्या उष्णतेने, नुसत्या धुण्यावर विसंबू नये.
* गादीला चेन असलेली बंद खोळ घालतात आणि ती वर्षभर काढत नाहीत.
* पलंगाच्या पायांखाली ढेकूण अडवणाऱ्या वाट्या ठेवतात.
* उपचार एकदाच करून थांबत नाहीत. अंडी फुटायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या लागतात. पूर्ण खोली यंत्राने तापवण्याचा उपायही आहे.

फवारणी होणार असेल तर औषधाचे नाव, वेळ आणि खोलीत परत केव्हा जायचे हे आधी विचारावे. अमेरिकेत १९४७ च्या कायद्याखाली कीटकनाशकांचे नियमन होते आणि लेबलवरच्या सूचनांविरुद्ध औषध वापरणे हा गुन्हा आहे. औषधाबद्दल शंका असल्यास राष्ट्रीय कीटकनाशक माहिती केंद्राचा क्रमांक १-८००-८५८-७३७८. विषबाधेची शंका आल्यास पॉयझन कंट्रोल १-८००-२२२-१२२२, चोवीस तास. माणूस बेशुद्ध असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर सरळ ९११.

आपण काय करू नये

* भारतातून आणलेला झुरळ-मुंग्यांचा खडू, ज्याला आपण सगळे "लक्ष्मणरेषा" म्हणतो, तो खोलीत वापरू नये. अमेरिकेत नोंदणी नसलेले असे खडू बेकायदेशीर आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या हाती तो लागला तर पाटीवरची पेन्सिल समजून तोंडातही जाईल.
* डांबरगोळ्या कपाटात किंवा ट्रंकेत मोकळ्या ठेवू नयेत. त्या हवाबंद डब्यातच वापरायच्या असतात. पेपरमिंट समजून खाल्ल्या जाण्याची भीती असते. शिवाय नॅफ्थलिनमुळे जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असणाऱ्यांच्या रक्तपेशी फुटतात. ही कमतरता भारतातल्या काही समाजांत आढळते.
* धुराचे डबे म्हणजे फॉगर लावू नयेत. फटीतल्या ढेकणांपर्यंत औषध पोचत नाही, माणसांच्या फुप्फुसात मात्र पोचते.
* रॉकेल, पेट्रोल, स्पिरिट – जुने घरगुती उपाय येथे नकोतच. ऑक्सिजन चालू असलेल्या इमारतीत तर ते जीवघेणे ठरतील.

आपल्या घरून जाणाऱ्या गोष्टी

मंडळी, थोडे आपल्याकडेही पाहू या. आईला आवडतात म्हणून आपण बेसनाचे लाडू, चिवडा, शंकरपाळी घेऊन जातो. नेलेच पाहिजेत! पण प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून नव्हे, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि दोन-तीन दिवसांत संपतील एवढेच. बऱ्याच ज्येष्ठांना "नंतर खाईन" म्हणून पोळी रुमालात बांधून उशीखाली ठेवायची सवय असते. भेटीच्या वेळी प्रेमाने ड्रॉवर आवरून द्यावेत.

खोलीत छोटे देवघर असेल तर नैवेद्याची साखर, पेढा, फळ रात्रभर ठेवू नये. वाहिलेली फुलेही त्याच दिवशी काढावीत.

आजीची गोधडी ही तर मायेची गोष्ट. पण तिच्या अनेक थरांत आणि टाक्यांत ढेकणांना उत्तम आसरा मिळतो. ढेकूण झाले म्हणून ती टाकून द्यायची गरज नाही. ड्रायरमध्ये गरम करून घ्यावी. ड्रायर चालत नसेल तर पिशवीत बंद करून शून्य अंश फॅरनहाइटच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवावी. कर्मचाऱ्यांनी परस्पर टाकू नये म्हणून तिच्यावर नाव शिवून ठेवावे. भारतवारीहून आणलेली बॅग थेट केअर होमच्या पलंगावर ठेवू नये, आणि रस्त्याकडेला मिळालेली खुर्ची-टेबले तर नेऊच नयेत.

तक्रार कशी करावी?

१. *नोंद ठेवा.* तारीख, वेळ, खोली, काय दिसले, किती दिसले. शक्य असल्यास फोटो काढा. त्यात इतर रहिवासी येणार नाहीत याची काळजी घ्या. किडा चिकटपट्टीवर किंवा छोट्या बंद पिशवीत ठेवला तर ओळख पटवणे सोपे जाते.

२. *आधी आतल्या लोकांना सांगा.* प्रथम ड्यूटीवरच्या नर्सला, नंतर अॅडमिनिस्ट्रेटरला लेखी. ई-मेल उत्तम. कीडनियंत्रण कंपनी शेवटची केव्हा आली, अहवालात काय म्हटले, पुढची फेरी केव्हा – ही तीन उत्तरे मागा. नर्सिंग होममध्ये तक्रारींसाठी नेमलेला अधिकारी असतो, त्याचे नाव विचारा. हाताखालच्या कर्मचाऱ्यांवर राग काढू नये. बहुतेक वेळा त्याच आईची वेणी घालत असतात, आणि कीड त्यांनाही नकोच असते.

३. *ओम्बुड्समन.* केअर होममधील रहिवाशांची बाजू घेणारी ही विनामूल्य सेवा १९७२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि १९७८ च्या कायद्यापासून प्रत्येक राज्यात आहे. असिस्टेड लिव्हिंगमधल्यांनाही ती मिळते. परवानगीशिवाय तक्रारदाराचे नाव उघड केले जात नाही. आपल्या भागातील कार्यालय शोधण्यासाठी एल्डरकेअर लोकेटर : १-८००-६७७-१११६.

४. *राज्याचे तपासणी खाते.* उपाय होत नसेल तर येथे तक्रार करावी. नाव न देताही करता येते. तपासनीस न कळवता येतात.

"तक्रार केली तर आईला काढून टाकतील का?"

ही भीती सर्वांत मोठी. नर्सिंग होमबाबत केंद्राचा नियम स्पष्ट आहे : तक्रार केल्याबद्दल रहिवाशाला त्रास देता येत नाही किंवा भेदभाव करता येत नाही. रहिवाशाला बाहेर काढण्याची कारणे कायद्याने ठरलेली आहेत, त्यांत "मुलाने तक्रार केली" हे कारण नाही. साधारणपणे ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि त्याविरुद्ध अपील करता येते. खोली बदलायची असली तरी आधी लेखी कळवावे लागते. असिस्टेड लिव्हिंगमध्ये आपला करार व राज्याचे नियम पाहावेत, ओम्बुड्समन त्यात मदत करतो.

नवीन जागा निवडताना

मेडिकेअरच्या अधिकृत वेबसाइटवर "केअर कम्पेअर" या विभागात प्रत्येक नर्सिंग होमचे तपासणी अहवाल असतात. २०२० पासून जुन्या "नर्सिंग होम कम्पेअर"ची जागा याने घेतली आहे. २००८ पासून दिले जाणारे तारे पाहून थांबू नका, अहवाल उघडा आणि "एफ-९२५" शोधा. प्रत्येक दोषापुढे ए ते एल असे अक्षर असते : अक्षर जितके पुढचे, दोष तितका गंभीर. ताजा अहवाल इमारतीतही सर्वांना दिसेल असा ठेवावा लागतो. असिस्टेड लिव्हिंगची माहिती मात्र या विभागात नसते, ती राज्याच्या खात्याकडे मिळते.

प्रत्यक्ष भेटीत स्वयंपाकघराचे मागचे दार, कचऱ्याचे डबे आणि कपडे धुण्याची जागा पाहायला मागा. "तुमच्याकडे ढेकूण कधी झाले होते का?" असे सरळ विचारा. "कधीच नाही" या उत्तरापेक्षा "झाले होते, आणि आम्ही असे असे केले" हे उत्तर आम्हाला जास्त विश्वासार्ह वाटते.

आणखी एक गोष्ट. ढेकूण झाले म्हणून आईला भेटणे थांबवू नका. कोट व पर्स पलंगावर ठेवू नका, घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये टाका, पण जा. आपल्या समाजात ढेकणांची लाज वाटते, आणि त्या लाजेपायी म्हातारी माणसे आपल्याच मुलांना सांगत नाहीत. पुढच्या भेटीत "जेवलीस का?" याच्या जोडीला "झोप लागते का गं? रात्री काही चावत नाही ना?" एवढे जरूर विचारा.

इंग्रजीत तक्रार लिहायला किंवा आजी-आजोबांशी मराठीत बोलून त्यांचे म्हणणे समजून घ्यायला मदत हवी असल्यास मंडळाच्या कार्यक्रमात आम्हाला भेटा. आपले नाव आमच्याजवळच राहील.

आपली,
ज्येष्ठ नागरिक समिती